बॅटरी नवी, तरीही सेल्फ ‘कट कट’

माजलगावकडची पेट्रोल हॅचबॅक, आठ-नऊ वर्षं वापरातली. तक्रार अशी की सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) मारला की नुसतं कट कट होतं, दोन-तीनदा मारल्यावर एखाद्या वेळी गाडी उचलते. बॅटरी बदलून जेमतेम सहा महिने झालेले. मालकांनी आपला निकाल आधीच लावून ठेवला होता: “दादा, बॅटरीच डुप्लिकेट निघाली, वॉरंटीत टाकू.” बोनेट उघडलं तर प्लसच्या क्लॅम्पवर (केबल बॅटरीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर) पांढरट-हिरवट खार चांगला बोटभर चढलेला. मायनसची बाजू मात्र दिसायला स्वच्छ.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. किटलीभर गरम पाणी ओतायचं, पान्याने क्लॅम्पवर दोन ठोके द्यायचे, नट आवळायचा, वर ग्रीस फासायचं आणि गाडी लावून द्यायची. महिनाभर चालतं. म्हणून खार धुण्याआधी मोजमाप घ्यायचं, हा आमचा नियम. एकदा सगळं धुऊन काढलं की नेमका कोणता जोड व्होल्ट खात होता, ते कधीच कळत नाही.

मोजायला साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो, २० व्होल्ट डीसीवर लावलेला. आधी इंधन पंपाचा रिले काढून ठेवला, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते आणि १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, तेव्हा हा आकडा वाईट नव्हता. मग एकाला सेल्फ मारायला बसवलं आणि मीटरच्या दोन्ही पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर (टर्मिनलवर) टेकवल्या. क्लॅम्पवर नाही, खुंटीवर, आणि सगळी मेख इथेच आहे. सेल्फ कट कट करत असताना आकडा नाचतो, त्याला अर्थ नाही. जड का होईना, पण फिरतो तेव्हाचा आकडा धरायचा. तो मिळाला ११.२. उन्हाळ्याच्या दिवसांत सेल्फ फिरताना बॅटरी ९.६ च्या खाली गेली तर तिच्यावर संशय घ्यावा. ११.२ देणारी बॅटरी ठणठणीत असते.

त्याच वेळी सेल्फच्या मोठ्या बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत मोजलं तर ८.४. म्हणजे २.८ व्होल्ट वाटेतच गायब.

ते कुठे गेले हे शोधायला एक-एक टप्पा घेतला. प्लसची खुंटी ते प्लसचा क्लॅम्प: ०.९. क्लॅम्प ते सेल्फचा बोल्ट: ०.३. मायनसची खुंटी ते इंजिनचा उघडा धातू: १.६. बेरीज बरोबर २.८. चांगल्या गाडीत खुंटी आणि क्लॅम्पमध्ये ०.१ च्या वर काही दिसायला नको, प्लसच्या पूर्ण वाटेवर ०.५ च्या आत आणि मायनसच्या पूर्ण वाटेवर ०.२ च्या आत. खार होता प्लसवर, आणि सगळ्यात मोठी गळती निघाली मायनसच्या केबलमध्ये, जिच्याकडे कुणी पाहिलंही नसतं.

इथे पुष्कळांची फसगत होते ती ओहम मोजण्यात. केबलच्या दोन टोकांना मीटर लावला, बीप वाजला, ‘केबल ओके’. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना साधारण १५० अँपियर ओढतो. वाटेत एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला तरी १५० अँपियरला दीड व्होल्ट जातो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याच्या वीसपट असतो, त्याला हा शंभरावा भाग दिसणार कुठून? टेस्ट लॅम्पचंही तेच. केबलमधली एक तार धड असली तरी दिवा लख्ख पेटतो. म्हणूनच लाइट चालू, हॉर्न चालू, काच वर-खाली होते आणि सेल्फ तेवढा घेत नाही. जोडाची परीक्षा करंट वाहत असतानाच होते.

कट कट आवाजाचं कारणही यातच आहे. चावी फिरवली की सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) आत ओढला जातो आणि सेल्फच्या मोटरला करंट देतो. मोटरने करंट ओढला की खराब जोडावर व्होल्ट पडतात, सोलेनॉइडला धरून ठेवण्याइतकेही उरत नाहीत, तो सुटतो. सुटला की व्होल्ट परत येतात, पुन्हा ओढला जातो. सेकंदात कितीतरी वेळा हेच चालू.

मोजून झालं, मग उकलायला घेतलं. चावी काढून दोन-तीन मिनिटं थांबलो, म्हणजे गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स झोपी जाते. चावी खिशात ठेवायची आणि एक काच खाली ठेवायची, कारण बॅटरी लावता-काढताना काही गाड्यांचं सेंट्रल लॉक आपोआप बसतं. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढायचं. आधी मायनस, मग प्लस. आजच्या गाड्यांची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस तसाच ठेवून प्लसचा नट उकलताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, पाना लाल होईपर्यंत करंट वाहतो आणि ठिणगी उडते ती बॅटरीच्या तोंडाशी. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो फक्त ४ टक्के झाला तरी पेट घेतो. मायनस आधी सुटला असेल तर प्लसचा पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. लावताना हाच क्रम उलटा.

या गाडीला दहाचा पाना लागला. बहुतेक छोट्या गाड्यांत तोच लागतो, जुन्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरवर तेराचाही भेटतो. प्लसचा क्लॅम्प खुंटीला चिकटून बसला होता. अशा वेळी पिरगाळायचा नाही आणि खालून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचाही नाही. शिसं मऊ असतं. खुंटी हलली की झाकणापाशी तिचं सील फाटतं आणि तिथून अ‍ॅसिड पाझरायला लागतं. कपभर गरम पाणी ओतून पाच मिनिटं थांबलं, नट पूर्ण सैल केला आणि क्लॅम्पचे जबडे चपट्या स्क्रूड्रायव्हरने जरासे फाकवले की तो सरळ वर येतो. आलाच नाही तर छोटा पुलर वापरायचा, ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. पुष्कळ गाड्यांत प्लसच्या क्लॅम्पवरच मुख्य फ्यूजचा डबा बोल्ट केलेला असतो, तो धरून ओढला की प्लास्टिक तडकतं. नव्या गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवर बॅटरी सेन्सर बसवलेला असतो. त्याला ठोकायचं नाही, त्यावर पाणी ओतायचं नाही. महाग वस्तू आहे.

बॅटरी ट्रेमधून उचलून बाहेर घेतली. जागेवर ठेवून धुतलं तर ते पाणी खालच्या वायरिंगवर आणि चॅसिसवर जातं.

हा खार दोन प्रकारचा असतो. पांढरा भाग बहुतेक शिशाचा सल्फेट. निळा-हिरवा भाग म्हणजे मोरचूद, अ‍ॅसिड तांब्या-पितळेपर्यंत पोचल्याची खूण. हिरवा दिसला की केबल आतून तपासायलाच हवी. शिशाची पूड विषारी असते, म्हणून कोरड्या खाराला ब्रश लावायचा नाही आणि कंप्रेसरची हवा तर मुळीच मारायची नाही. आधी ओला करायचा. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. थेंब डोळ्यात गेलाच तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहायचं आणि मग दवाखाना गाठायचा.

अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा. याहून घट्ट करून काही जास्त मिळत नाही. सेलची बुचं घट्ट बसवली, त्यांच्या बारीक छिद्रांवर टेप लावली, कारण सोड्याचं पाणी आत गेलं तर ते आतल्या अ‍ॅसिडलाच मारतं. थोडं-थोडं ओतलं की फसफसतं. फसफस थांबली की पुन्हा ओतायचं. नवं ओतूनही फसफसलं नाही म्हणजे त्या जागी अ‍ॅसिड उरलं नाही. हिरवा भाग पाण्यात विरघळून जातो. पांढरा मात्र नुसत्या पाण्याला दाद देत नाही, त्याला जुना टूथब्रश आणि मग तारेचा ब्रश लागतो. शेवटी साध्या पाण्याने धुऊन कापडाने कोरडं केलं. काही जण कोल्ड्रिंक ओततात. त्यातल्या आम्लाने खार सुटतो खरा, पण मागे साखरेचा चिकटा राहतो आणि आपल्याकडची काळ्या मातीची धूळ त्यावर थरावर थर बसते. धुतलेलं पाणी प्लास्टिकच्या टबात धरायचं. विहीर, जनावरांचा हौद आणि भाजीचे वाफे यांच्या आसपास ते जाता कामा नये.

बॅटरीचं झाकण धुण्याआधी एक गंमत करून बघण्यासारखी आहे. मीटरची लाल पिन प्लसच्या खुंटीवर ठेवायची आणि काळी पिन नुसती झाकणाच्या मळकट प्लास्टिकवर फिरवायची. या बॅटरीवर मायनसच्या जवळ जाताना दोन व्होल्टच्या पुढे आकडा दिसला. धूळ आणि अ‍ॅसिड यांचा ओलसर थर दोन्ही खुंट्यांच्या मधे वाट तयार करतो आणि गाडी उभी असतानाही बॅटरी हळूहळू उतरते. धुऊन कोरडं केल्यावर तोच आकडा शून्यावर.

बाहेरचा खार दिसतो म्हणून त्याचीच चर्चा होते. पण करंट वाहतो तो क्लॅम्पच्या आतल्या गोल भिंतीतून खुंटीच्या भिंतीत. तिथे करडी-काळी पातळ साय धरलेली असते. प्लसवरचे ०.९ व्होल्ट तीच खात होती. १२० नंबरचा पॉलिश पेपर बोटाभर गुंडाळून क्लॅम्पच्या आतून चार-पाच वेळा फिरवला, खुंटीवरूनही तसाच. शिसं चांदीसारखं चमकलं की थांबायचं. चाकूने तासायचं नाही. खुंटी बारीक झाली की क्लॅम्पचे जबडे एकमेकांना टेकतात आणि नट कितीही आवळला तरी पकड येत नाही. आवळून झाल्यावर जबड्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट उरलीच पाहिजे. प्लसची खुंटी नेहमी मायनसपेक्षा जाड असते: जाड प्रकारात १९.५ आणि १७.९ मिलिमीटर, बारीक प्रकारात १४.७ आणि १३. बॅटरी बदलताना प्रकार बदलला तर जुना क्लॅम्प ढिला बसतो, मग कुणी तांब्याची तार कोंबतं, कुणी पत्र्याची पट्टी. त्यापेक्षा शिशाची रेडीमेड टोपी मिळते, ती बसवावी, नाहीतर क्लॅम्पच बदलावा.

आता मायनसची केबल. एक टोक क्लॅम्पला, दुसरं गिअरबॉक्सवर, मधे एक फाटा बॉडीला. वरून काळं इन्सुलेशन अगदी धड दिसत होतं. पण हातात घेऊन वाकवली तर क्लॅम्पपासून वीतभर भाग वाळलेल्या तुराटीसारखा कडक, आणि वाकवताना आतून बारीक करकर ऐकू आली. इन्सुलेशन चिरल्यावर हिरवी पूड भुरभुर खाली पडली. निम्म्याहून अधिक तारा तुटून गेलेल्या, उरलेल्या काळ्या पडलेल्या. अ‍ॅसिड तारांच्या मधल्या बारीक फटींतून वर चढत जातं आणि इन्सुलेशनमुळे बाहेर काही दिसत नाही. अशी केबल तांबं लालसर चमकतं दिसेपर्यंत कापायची असते. ही दहा सेंटिमीटर कापूनही काळीच निघाली, तेव्हा पूर्ण बदलण्याचं ठरवलं. दोन बोल्टांची पट्टी असलेला जो तात्पुरता क्लॅम्प मिळतो, तो काळ्या तारांवर आवळला तर दुखणं तसंच राहतं, फक्त जागा बदलते.

नवी केबल २५ चौरस मिलिमीटरची घेतली, सुमारे दोन फूट. छोट्या पेट्रोल गाडीला १६ ते २५ पुरते, डिझेलला ३५, ट्रॅक्टरला ५०. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, कुठल्याही मोठ्या बाजारपेठेत ती मापाने कापून मिळते. घेताना टोकाची एक तार ब्लेडने खरवडून बघायची. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा अडथळा तांब्याच्या साधारण दीडपट असतो, अ‍ॅसिडपुढे ते टिकत नाही आणि लगमध्ये (केबलच्या टोकाला बसणाऱ्या भोकाच्या टोपीत) दाबलेला जोडही कालांतराने सैल पडतो. स्वस्त दिसतं म्हणून हेच जास्त खपतं, हे दुर्दैव.

लग तांब्याचा, कल्हईचा, ८ मिलिमीटर भोकाचा. हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घेतला. हातोडीने चेपलेला लग आणि वरून ओतलेलं सोल्डर हा प्रकार आजही सर्रास चालतो, पण त्यात सोल्डर संपतं तिथे तारा कडक होतात आणि थरथरीने तिथेच तुटतात. दाबलेल्या जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली, म्हणजे अ‍ॅसिडला आत शिरायला तोंडच उरत नाही. गिअरबॉक्सवर आणि बॉडीवर जिथे बोल्ट बसतो तिथली माती, रंग आणि गंज खरवडून धातू उघडा केला. ही जागा लोक हमखास विसरतात. नवी केबल गंजावर आवळली तर पैसे पाण्यात.

ट्रे सोड्याने धुऊन वाळवला, गंज घासून रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग दिला. बॅटरी बसवून आधी तिची पकडपट्टी आवळली. बॅटरी ट्रेमध्ये हलत असेल तर खड्ड्याच्या प्रत्येक धक्क्याचा ताण खुंटीच्या सीलवर येतो, आणि आपल्याकडच्या गावरस्त्यांना खड्ड्यांची वाण नाही. मग प्लस, शेवटी मायनस. क्लॅम्प हाताने दाबून खुंटीच्या मुळापर्यंत बसला पाहिजे. नट फक्त ५ ते ६ न्यूटन-मीटर, म्हणजे आखूड पाना आणि मनगटाचा जोर. क्लॅम्प हाताने फिरत नसला की झालं.

ग्रीस नेहमी आवळल्यानंतर, वरून. खुंटीला लावून मग क्लॅम्प बसवायचा नाही. राहिलं कोणतं लावायचं ते. बरेच जण व्हॅसलीन लावतात, थंडीत ते छान काम करतं. पण परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला असतो, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. व्हॅसलीन वितळून झाकणावर ओघळतं आणि धूळ धरतं. आपल्याकडे लिथियम ग्रीसचा पातळ हात किंवा टर्मिनलसाठीचा स्प्रे बरा. खुंटीच्या मुळाशी तेलात भिजवलेला नमद्याचा वॉशर टाकला तर आणखी चांगलं.

पुन्हा मोजलं. सेल्फ फिरताना खुंट्यांवर ११.०, सेल्फवर १०.५. खुंटीवरचा आकडा आधीपेक्षा थोडा उतरला यात घाबरण्यासारखं काही नाही, सेल्फ आता जोरात फिरतो आणि थोडा जास्त करंट घेतो. मायनसची वाट १.६ वरून ०.१ वर आली. रिले बसवला, इंजिन सुरू केलं, हेडलाइट लावून चार्जिंग पाहिलं: १४.२. साधारण १३.८ ते १४.५ असावं. सतत १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळते आणि खार पुन्हा येणारच. ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) हुकमाने अल्टरनेटरचे (चार्जिंग करणाऱ्या जनरेटरचे) व्होल्ट कमी-जास्त करणाऱ्या नव्या गाड्यांना मात्र हा नियम जसाच्या तसा लागत नाही. आणि चार्जिंग तपासायला चालू गाडीची मायनस केबल काढून बघण्याची जुनी युक्ती कृपया विसरा. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा झटका शंभर व्होल्टच्या घरात जाऊ शकतो, ईसीएम जळायला तेवढं पुरतं.

बॅटरी काढल्यामुळे घड्याळ, काचेचं ऑटो फंक्शन पुन्हा सेट करावं लागलं. इंजिनची आयडलिंगही पाच-दहा मिनिटं जरा वर-खाली होते, नंतर बसते.

राहिला खरा प्रश्न: अ‍ॅसिड आलं कुठून? चार्जिंग ठीक, पाण्याची पातळी वरच्या खुणेच्या आत. पातळी खुणेच्या वर असती तर चार्ज होताना पाणी फुगून बुचातून बाहेर आलं असतं, म्हणूनच पाणी नेहमी चार्ज झाल्यावर टाकायचं. बॅटरीतले पत्रे (शिशाच्या प्लेटा) उघडे पडले असतील तर तेवढे झाकण्यापुरतं आधी. टाकायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि लोह पत्र्यांचं वाटोळं करतात, आरओचं पाणीही त्याला पर्याय नाही. बुचांची छिद्रं धुळीने बुजलेली असली तर वायू खुंटीच्या कडेने वाट काढतो. ती टाचणीने तपासली, मोकळी होती. मग भिंगातून प्लसच्या खुंटीचं मूळ पाहिलं. माथ्यावर हातोडीचे दोन स्पष्ट व्रण. सहा महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकताना जुना खार धरलेला क्लॅम्प ठोकून बसवला होता, त्यातच सील गेलं असणार.

ठोकल्याची खूण असलेली बॅटरी वॉरंटीत घेतीलच असं नाही, आणि एम-सीलने वरून लिंपलेलं सील चार महिनेही धरत नाही. म्हणून प्लसला नमद्याचा वॉशर टाकला आणि मालकांना सोड्याच्या पाण्याची छोटी बाटली दिली. आठ दिवसांनी खुंटीच्या मुळाशी एक थेंब टाकून बघायचा. फसफसलं तर पाझर चालू आहे, दर महिन्याला धुवावं लागेल आणि पुढच्या बॅटरीबरोबर प्लसचा क्लॅम्पही नवा. नाही फसफसलं तर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगला आल्यावर पुन्हा पाहू.